बटण बंद, तरी ट्रिप: गिझर दुरुस्तीच्या नोंदी

रविवार, १ डिसेंबर

आधी सामान लिहून ठेवतो. तळमजल्यावरच्या बाथरूममधला १५ लिटरचा उभा गिझर, २००० वॉट, साधारण नऊ वर्षं जुना. घर नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळचं रो-हाऊस. डीबीत, म्हणजे विजेच्या फलकपेटीत, सगळ्यात पुढे ४० अँपिअरचा टू-पोल आरसीसीबी, म्हणजे गळती पकडणारा खटका, ३० मिलिअँपिअरचा. त्याच्यामागे सिंगल-पोल एमसीबींची, म्हणजे जास्त करंटला आपोआप पडणाऱ्या खटक्यांची, रांग. गिझरला २० अँपिअरचा स्वतंत्र एमसीबी, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपिअरचं सॉकेट आणि त्याचं साधं बटण.

तक्रार थंडीबरोबरच आली. गिझर लावला की आठ-दहा मिनिटांनी अख्खं घर बंद. पंखा, फ्रिज, वायफाय, सगळंच. डीबी उघडला की गिझरचा एमसीबी जागेवर, पण आरसीसीबी खाली. खटका वर केला की राहतो. गिझर परत लावला की थोड्या वेळाने पुन्हा तेच.

एमसीबी का पडत नाही, असं आईने विचारलं. एमसीबी फक्त करंट किती जातो ते बघतो. हा गिझर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेतो, २० च्या एमसीबीला त्याचं काहीच वाटत नाही. आरसीसीबी दुसरंच काही बघतो: फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का. फरक पडला म्हणजे मधल्या मध्ये कुठेतरी जमिनीत गळतोय. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ च्या आत पडू नये आणि ३० ला पडलाच पाहिजे, असा त्याचा नियम. मधल्या पट्ट्यात कुठेही पडू शकतो.

प्लग काढून थंड गिझर मल्टिमीटरने तपासला. फेज आणि न्यूट्रलच्या पिनांमध्ये २६.१ ओहम. २००० वॉटच्या कॉईलला २३० चा वर्ग भागिले २०००, म्हणजे २६.४५ यायला हवे. थंड तार किंचित कमी दाखवते, तेव्हा कॉईल तुटलेली नाही. दोन्ही पिनांपासून अर्थच्या पिनेपर्यंत मीटर २० मेगोहमच्या रेंजवरही काहीच दाखवत नाही.

मीटर म्हणतो गिझर ठीक. आरसीसीबी म्हणतो ठीक नाही. मीटर नऊ व्होल्टच्या बॅटरीवर आणि थंड कॉईलवर बोलतोय, आरसीसीबी २३० व्होल्टवर आणि तापलेल्या कॉईलवर. माझा कल आरसीसीबीकडे.

बुधवार, ४ डिसेंबर

वायरमन आला. डीबी उघडला, गिझर लावला, उभा राहिला. आरसीसीबी पडला आणि निदान झालं. “दादा, ईएलसीबी नाजूक झालाय. काढून टाकतो, डायरेक्ट करून देतो. एमसीबी आहेच की. अर्ध्या नाशकात असंच चालू आहे.”

ईएलसीबी म्हणजे त्याच्या भाषेत हाच आरसीसीबी. मी नको म्हटलं. “मग ट्रिप होतच राहणार,” असं सांगून तो व्हिजिटचे पैसे घेऊन गेला.

आरसीसीबी खरंच नाजूक झाला असता तर गिझरशिवायही पडला असता. गिझरचा प्लग काढून ठेवला तेव्हा इस्त्री, मिक्सर, वॉशिंग मशीन सगळं चाललं, काही झालं नाही. टेस्टचं बटण दाबलं की मात्र टक्कन पडतो, म्हणजे यंत्रणा जिवंत आहे. अर्धं नाशिक डायरेक्टवर चालत असेलही. ते सुरक्षित आहे असा त्याचा अर्थ नाही, एवढंच.

शनिवार, ७ डिसेंबर

प्रकरण विचित्र झालं.

गुरुवारपासून गिझर वापरातच नाही. प्लग सॉकेटमध्ये आहे, पण बटण बंद. आंघोळीचं पाणी गॅसवर. तरी काल सकाळी टाकीत पाणी चढवायला मोटार लावली आणि घर गेलं. आज सकाळी मोटार चालू असताना काही झालं नाही, त्यात बायकोने इस्त्री लावली तशी गेलं. संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास तर मोटार नाही, इस्त्री नाही, फक्त दिवे आणि टीव्ही, आणि तरीही पडला.

वायरमनला फोन केला. “मोटारीचं वाइंडिंग उतरलं असेल.” इस्त्री पण? “इस्त्री पण बघावी लागेल.” असं एकेक करत तो घरातल्या सगळ्या उपकरणांवर आला असता.

शेजारचे काका एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रातून निवृत्त झालेत. त्यांना कट्ट्यावर सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “गिझरचा प्लग काढलाय का?” म्हटलं, बटण बंद आहे. “बटण बंद म्हणजे फेज बंद. न्यूट्रल अजून गिझरमध्ये गेलेलाच आहे. उद्या सकाळी येतो, डीबी उघडू.”

रविवार, ८ डिसेंबर

आजचं काम जरा सविस्तर लिहितो, कारण असला दोष शोधायची ही पद्धत कुठल्याही घरात लागू पडेल.

सिंगल-पोल एमसीबी फक्त फेज तोडतो. त्यामुळे एकेक एमसीबी खाली करून दोष शोधायला गेलं तर न्यूट्रलकडची गळती सापडतच नाही. सगळे न्यूट्रल बारवर एकत्रच बसलेले असतात. ते बारवरून सोडवायला हवेत. मेन स्विच बंद करून, टेस्टर आणि मीटर दोन्हींनी खात्री करून, सगळे न्यूट्रल सोडवले. एकावरही चिठ्ठी नव्हती. गिझरचा कोणता, हे काकांनी झटक्यात काढलं: गिझरचं बटण चालू ठेवायचं, त्याच्या एमसीबीच्या खालच्या टर्मिनलला एक प्रोब, आणि दुसरा प्रोब एकेका सुट्या न्यूट्रलला. ज्याच्यावर २६ ओहम येतात तो गिझरचा. आता प्रत्येकाला टेपची चिठ्ठी लावली आहे.

गिझरचा न्यूट्रल टेप गुंडाळून बाजूला, बाकीचे परत बारवर. मेन चालू. मोटार लावली, इस्त्री लावली, मिक्सरही फिरवला. आरसीसीबी ढिम्म. मग मेन बंद करून गिझरचा न्यूट्रल परत बसवला, बटण बंदच. मोटार आणि इस्त्री लावल्याबरोबर पडला. तिसरी पायरी: न्यूट्रल बारवर तसाच, पण गिझरचा प्लग सॉकेटमधून ओढला. काही नाही. म्हणजे भिंतीतली वायर निर्दोष, मोटार निर्दोष, इस्त्री निर्दोष. दोष गिझरच्या पोटात, आणि बटण बंद असतानाही तो काम करतोय.

कसा, ते काकांनी मोजून दाखवलं. गिझरचा न्यूट्रल सुटा असताना न्यूट्रल बार आणि अर्थ बार यांच्यामध्ये व्होल्टमीटर लावला. काही चालू नसताना १.४ व्होल्ट. मोटार लावली, ३.१. मोटार आणि इस्त्री दोन्ही, ४.७. न्यूट्रल म्हणजे शून्य व्होल्ट असं आपण धरून चालतो, पण न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो तो तिकडे ट्रान्सफॉर्मरपाशी. तिथून घरापर्यंतच्या तारेला थोडा का होईना रोध असतो, आणि तिच्यातून करंट परत जायला लागला की घराच्या टोकाला न्यूट्रल थोडा वर उचलला जातो.

मग मेन बंद करून गिझरचा सुटा न्यूट्रल आणि अर्थ बार यांच्यामधला रोध मोजला, प्लग लावलेला. २०० ओहमच्या आसपास, आकडा स्थिर नाही. १८० पासून २६० पर्यंत फिरतोय, आणि प्रोब उलटे धरले की वेगळाच येतो. काका म्हणाले, “पाणी आहे मध्ये.” धातू, पाणी, धातू असा मार्ग असला की त्याचं स्वतःचंच किंचित व्होल्टेज तयार होतं आणि मीटर गोंधळतो. गेल्या रविवारी याच ठिकाणी मीटरला काही दिसत नव्हतं. तेव्हा कॉईलच्या आवरणातली भेग फक्त तापल्यावर उघडत असणार. आठवडाभरात पाणी आत मुरलं.

आता हिशोब जुळतो. २०० ओहम धरले तर १.४ व्होल्टला ७ मिलिअँपिअर गळती, आरसीसीबी गप्प. ३.१ व्होल्टला १५.५, म्हणजे नेमका उंबरठ्यावर. म्हणून एकट्या मोटारीने कधी पडतो, कधी नाही. ४.७ व्होल्टला २३.५, पट्ट्यात बराच आत, म्हणून पडतो. आणि संध्याकाळी सातला घरात काही नसताना का पडला? न्यूट्रल गल्लीचाही आहे. त्या वेळी आजूबाजूच्या घरांत दिवे, हीटर, गिझर सगळं लागतं आणि आपला न्यूट्रल आपल्या भारावाचून वर जातो.

हा हिशोब कागदावर बघितल्यावर मला खरं सांगायचं तर मजा आली. दोष घरात राहतो एका कोपऱ्यात आणि बोलतो दुसऱ्याच्या तोंडून. मोटारीचं वाइंडिंग उगाच भरून घेतलं असतं तर तीन-चार हजार गेले असते आणि घर तसंच पडत राहिलं असतं.

गिझरचा प्लग काढून ठेवला. सॉकेटवर चिकटपट्टी.

मंगळवार, १० डिसेंबर

काकांच्या ओळखीच्या एका कॉन्ट्रॅक्टरने अर्थ टेस्टर घेऊन माणूस पाठवला. घराच्या मागे अर्थिंगचा खड्डा आहे, बांधकामाच्या वेळचा, जीआय पाइप, कोळसा आणि मीठ. नऊ वर्षांत त्यात कुणी तांब्याभर पाणी ओतलेलं नसावं. दोन खुंट्या ठोकून मोजलं: १४ ओहम. इथे थोड्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ, त्यामुळे फार कमी येईल अशी अपेक्षा नव्हतीच. दोन बादल्या पाणी ओतून तासाभराने पुन्हा मोजलं, ९ ओहम.

या १४ वरून वायरमनच्या “डायरेक्ट”चा हिशोब करून ठेवतो. समजा आरसीसीबी काढला आणि उद्या गिझरमध्ये फेज सरळ बॉडीला लागला. २३० भागिले १४, म्हणजे जमिनीत जाणारा करंट १६.४ अँपिअर. २० चा एमसीबी याला पडणार नाही. सगळं व्होल्टेज त्या खड्ड्यावरच उतरतं, म्हणजे गिझरची बॉडी जवळपास २३० व्होल्टवर. आणि अर्थ बार एकच असल्यामुळे फ्रिजचं दार, वॉशिंग मशीनचा पत्रा, मोटारीची बॉडी, तेही सगळं तितक्याच व्होल्टेजवर, आणि काहीच ट्रिप न होता. अर्थिंग आहे म्हणून एमसीबी वाचवेल, हा समज स्वतःच्या खड्ड्यावर चालणाऱ्या घरांत खरा नाही. १४ ओहमच्या खड्ड्यावर वाचवणारा आरसीसीबीच.

शनिवार, १४ डिसेंबर

गिझर उघडला.

एमसीबी खाली, प्लग बाहेर. खालचा अँगल कॉक बंद. गरम पाण्याचा नळ उघडा ठेवला तो पाणी काढायला नाही, हवा आत जायला: उभ्या गिझरमध्ये गरम पाण्याची नळी टाकीच्या वरपर्यंत गेलेली असते, तिच्यातून टाकी रिकामी होत नाही. पाणी निघतं ते थंड पाण्याच्या बाजूने. तिकडची कनेक्शन नळी सोडवून खाली बादली लावली. पाणी आधी गढूळ, मग त्यात पांढऱ्या खपल्या, मग नळीच अडकली. स्क्रूड्रायव्हर घालून मोकळी करावी लागली.

खालचं प्लास्टिकचं झाकण काढल्यावर पहिली गोष्ट दिसली ती कॉईलपेक्षा वाईट. थर्मल कट-आउटच्या दोन टर्मिनलमध्ये वायरचा तुकडा घालून ठेवलेला. कुणीतरी मागे कधीतरी दुरुस्तीला आलेल्या माणसाने कट-आउट बायपास केला होता. थर्मोस्टॅट ६० अंशांना कॉईल बंद करतो. तो चिकटला तर पाणी तापतच जाईल, म्हणून त्याच्यावर हा दुसरा पहारेकरी. साधारण नव्वदच्या आसपास तो कायमचा तोडतो आणि हाताने लाल बटण दाबल्याशिवाय परत जोडत नाही. तो पुन्हा पुन्हा तुटत असेल तर थर्मोस्टॅट बदलायचा असतो. इथे तक्रार करणाऱ्याचंच तोंड बंद केलं होतं. त्यानंतर बंद टाकीत पाणी उकळण्यापासून वाचवायला फक्त सेफ्टी व्हॉल्व्ह उरतो, आणि क्षाराच्या पाण्यात तोही चिकटतो. हे पाहून आई म्हणाली, “एवढे दिवस आपण हेच वापरत होतो?” होय.

फ्लँजचे, म्हणजे कॉईल बसवलेल्या चकतीचे, नट दहाच्या बॉक्स पान्याने सोडवले. गॅस्केट दगड झालेलं. कॉईल बाहेर यायला तयार नाही, कारण तिच्या वळणांमध्ये क्षार भरून एकच गोळा झालेला. हळूहळू हलवत काढली. टाकीच्या तळातून जवळपास अर्धी बादली पांढरा चुरा निघाला.

हा चुरा बोअरचा. कॉर्पोरेशनचं पाणी गंगापूर धरणाचं, माझ्या टीडीएस पेनवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) १६० च्या आसपास दाखवतं. सोसायटीच्या बोअरचं पाणी त्याच पेनवर ७८०. उन्हाळ्यात किंवा पाणीकपात असली की टाकीत दोन्ही एकत्र. पाण्यात विरघळलेला कॅल्शियमचा बायकार्बोनेट तापवला की कार्बोनेट होऊन खाली बसतो, आणि तापतं सगळ्यात जास्त कॉईलचं अंग, म्हणून थर तिथेच चढतो. थराखाली कॉईलची उष्णता पाण्यात जात नाही, आवरण स्वतःच जास्त तापतं, आणि थराखालच्या ओलीत तांब्याला खड्डे पडतात.

अॅनोड रॉडच्या जागी फक्त मधली लोखंडी तार उरलेली. मॅग्नेशियमचा हा रॉड टाकीऐवजी स्वतः झिजावा म्हणूनच घातलेला असतो. तो संपला की झिजायला दुसरं काहीतरी सापडतं. वर्षा-दोन वर्षांनी बघायचा असतो, आमच्याकडे एकदाही बघितलेला नाही.

कॉईल व्हिनेगरमध्ये ठेवली आहे. आई मुरंब्याची बरणी द्यायला तयार नव्हती, जुनी प्लास्टिकची बादली कापून दिली.

रविवार, १५ डिसेंबर

क्षार निघाल्यावर दोष डोळ्यांना दिसला. खालच्या वळणावर बाहेरच्या बाजूने हिरवट डाग, त्याच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढं भोक, आणि तिथून साधारण दोन सेंटिमीटरची केसासारखी चीर.

कॉईलच्या आत निक्रोमची पीळदार तार असते, बाहेर तांब्याची नळी, आणि दोन्हींच्या मध्ये दाबून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड. पूड उष्णता सोडते पण वीज अडवते, कोरडी असेल तोवर. ओल मात्र ती मिठासारखी धरते.

त्यावर एक प्रयोग करून बघितला. अंबडच्या एका मोटार वाइंडिंगवाल्याकडून ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज लावून इन्सुलेशन तपासणारा मीटर, आणला होता. काल बाहेर काढल्यावर लगेच, व्हिनेगरमध्ये टाकायच्या आधी, कॉईल मेगरवर शून्य दाखवत होती. आज धुऊन दिवसभर गच्चीवर उन्हात ठेवली. संध्याकाळी मल्टिमीटरवर काहीच वाचन नाही, अगदी १ तारखेसारखं, “ठीक”. मेगरवर मात्र ०.३ मेगोहम. मल्टिमीटर आणि मेगर यांच्यातला हा फरक मी ऐकून होतो, पण एकाच कॉईलवर एकाच वेळी दोन्ही लावून बघण्यात गंमत वेगळी. रात्री परत साध्या पाण्यात बुडवून ठेवली, झोपायच्या आधी बघितली तर मल्टिमीटरसुद्धा किलोओहमवर आला होता.

हे लिहून ठेवायचं कारण: गिझर बरेच दिवस बंद राहिला, दुरुस्तीवाल्याने कॉईल काढून मीटर लावला आणि “कॉईल चांगली आहे” असं म्हणाला, तर त्याच्या मीटरवर खरंच तसं दिसत असेल. ५०० व्होल्टच्या मेगरचा आकडा मागावा.

सोमवार, १६ डिसेंबर

संध्याकाळी रविवार कारंज्याकडे. जुनी कॉईल पिशवीत घालून नेली. फ्लँजचा व्यास, नटांची भोकं, टर्मिनलची दिशा, सगळं जुळायला लागतं आणि तोंडी सांगून काही जुळत नाही. दुकानदाराने पिशवीत डोकावून विचारलं, “बोअरचं पाणी का?”

तांब्याची कॉईल स्वस्त. इनकॉलॉयची महाग, जवळपास दुप्पट. निकेल, क्रोमियम आणि लोखंडाचा हा मिश्रधातू कडक पाण्यात तांब्यापेक्षा जास्त टिकतो. बोअर आम्हाला सुटणार नाही, म्हणून इनकॉलॉय घेतली. बरोबर कट-आउटसकट थर्मोस्टॅट, अॅनोड रॉड, गॅस्केट, आणि २० अँपिअरचं डीपी स्विच. दुकानात लोक खोकत होते, बाहेर स्वेटर-मफलर. या थंडीत गिझरशिवाय घर चालवणं आईला आता पुरे झालंय, तसं तिने सकाळी स्पष्ट सांगितलं.

रविवार, २२ डिसेंबर

जोडणी.

वायरिंगचं काम काकांनी सुचवलेल्या परवानाधारक वायरमनकडून. त्याला डीपी स्विचबद्दल काही समजवावं लागलं नाही. “गिझर, एसी, जिथे पाणी किंवा मोठा लोड, तिथे डीपीच.” डीपी म्हणजे डबल-पोल: फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडतो. आधीच असता तर ७ तारखेचं मोटार-इस्त्री प्रकरण घडलंच नसतं. दोष असता, पण आरसीसीबी गिझर चालू असतानाच पडला असता आणि बोट सरळ गिझरकडे गेलं असतं.

जुनं सॉकेट काढल्यावर फेजच्या पिनेचा पितळी भाग तपकिरी झालेला, स्प्रिंग सैल. वायर मात्र चांगली होती, फक्त जळकं टोक कापून नवीन लग दाबला. सॉकेट नवीन.

टाकी आतून धुतली, गॅस्केट बसवलं, नट समोरासमोरचे थोडे थोडे आवळले. फ्लँजवरचा अर्थचा स्क्रू गंजलेला होता, घासून चकचकीत केला, कारण सगळा खेळ त्या एका स्क्रूवर. बॉडीपासून अर्थ बारपर्यंत ०.३ ओहम.

वीज द्यायच्या आधी पाणी. अँगल कॉक उघडून गरम नळातून सलग धार येईपर्यंत थांबलो. कोरड्या टाकीत कॉईल चालू केली तर नवीन कॉईलही गेली. मग मेगर: २०० मेगोहमच्या वर, मेगरचा काटा टोकाला.

मग चालू. टाकीतलं पाणी १६ अंश होतं. १५ लिटर, १६ वरून ६० अंश, २ किलोवॉट: गणिताने २३ मिनिटं. थर्मोस्टॅटने चोविसाव्या मिनिटाला कॉईल बंद केली. थर्मामीटरवर नळाचं पाणी ५८. लगेच प्लग काढून गरम कॉईलवर मेगर लावला, ९० मेगोहम. गरम झाल्यावर उतरणार, पण नव्या कॉईलचा आकडा १ च्या खाली आला असता तर काळजी. शेवटी मोटार, इस्त्री, मिक्सर आणि गिझर एकदम. आरसीसीबी जागेवर.

रात्री जुनी कॉईल चिमट्यात धरून हॅकसॉने कापली. बाकी सगळीकडे पूड पांढरीशुभ्र, भोकाच्या जागी करडी आणि ओलसर, आतल्या तारेला हिरवा गंज चढलेला. शेजारच्या पोराला दाखवायला तुकडा ठेवला आहे, तो आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला आहे.

रविवार, २९ डिसेंबर

मेगर परत द्यायच्या आधी वरच्या मजल्यावरचा गिझर. तोही तेवढाच जुना, तेच पाणी, २५ लिटर, २००० वॉट. कसलीच तक्रार नाही. मल्टिमीटरवर काही नाही. मेगरवर थंड १.१ मेगोहम, तापवून ०.६.

२३० भागिले ०.६ मेगोहम म्हणजे ०.३८ मिलिअँपिअर. अशा गिझरला किलोवॉटमागे ०.७५ मिलिअँपिअरपर्यंत गळती चालते, म्हणजे २ किलोवॉटला १.५. अजून आत आहे, पण नव्या कॉईलचे ९० बघितल्यावर हे ०.६ म्हातारं वाटतं. काका म्हणाले, “चालेल. पण बटण बदल.” दुसरा डीपी स्विच आणून ठेवला आहे. झाकण काढून बघितलं, कट-आउटला इथे तार घातलेली नाही.

राहिलेली कामं: वरच्या गिझरचा अॅनोड काढून बघणे. दोन्ही गिझरना स्वतंत्र आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकाच खटक्यात), म्हणजे पुढच्या वेळी बाथरूममधल्या दोषाने फ्रिज बंद पडणार नाही. त्यासाठी डीबीत जागा नाही, मोठा बॉक्स लागेल, त्याचा खर्च विचारायचा आहे. अर्थिंगच्या खड्ड्यावर झाकण आणि पाणी ओतायला नळी. मार्चमध्ये बोअर सुरू व्हायच्या आत वरचा गिझर पुन्हा मेगरवर.